तुम्ही चाखलेला शेवटचा देश

वन्सं, या लिखाणापुढचा प्रश्न एकच आहे आणि तो मी पहिल्याच ओळीत मांडते: तुमची चव गेली ती नेमकी केव्हा? हाच प्रश्न दुसऱ्या शब्दांत असाही विचारता येईल, की आपण सोळा वर्षे घरबसल्या जे देश जेवलो, त्यांतला तुम्ही खरोखर चाखलेला शेवटचा देश कोणता?

तुम्हांला जाऊन आज चाळीस दिवस झाले. उत्तर मला सापडलेले नाही, हेही आधीच सांगते. उत्तर येत नसेल तर निदान दिलेली माहिती स्वच्छ मांडा, असे मी वर्गात मुलांना सांगत असे. आज तेवढेच करते आहे.

मला हे कळले तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी. समोरच्या रेखाताई रिकामे डबे परत द्यायला आल्या आणि स्वयंपाकघराच्या दारातच थांबल्या.

"आता मला दुपारची हाक कोण मारणार?" त्या म्हणाल्या.

"कसली हाक?"

"अहो, चाखायची. तुम्ही शाळेत गेलात की अक्का हाक मारायच्या. 'रेखे, जरा जीभ घेऊन ये गं.' मी चमचाभर चाखायचे, मीठ सांगायचे. मग त्या झाकण ठेवायच्या."

"स्वतः चाखायच्या नाहीत?"

रेखाताईंनी हातातले डबे खाली ठेवले. "तुम्हांला माहीत नव्हतं? त्यांना काही लागत नव्हतं ना. वास नाही, चव नाही. मला म्हणाल्या होत्या, मास्तरणीला सांगू नको, परीक्षा घेईल."

केव्हापासून, असे मी विचारले. त्यांनी पुष्कळ आठवून पाहिले. आमची स्कूटर आली त्याच्या आधी, की नंतर, असे दोनदा पुटपुटल्या आणि शेवटी नाही हो आठवत म्हणाल्या. त्या गेल्यावर मी आपल्या देशांची वही काढली.

नणंदेला वन्सं म्हणायची आमच्या घरची रीत. तुम्ही यांच्या थोरल्या बहीण, मखमलाबादच्या मळ्यात वाढलेल्या, सातवी शिकलेल्या, दिंडोरीकडे दिलेल्या. यजमान गेल्यावर वर्षभराने तुम्ही एक ट्रंक आणि एक बिडाचा तवा घेऊन इंदिरानगरच्या आमच्या दोन खोल्यांत राहायला आलात. मी माध्यमिक शाळेत विज्ञान आणि भूगोल शिकवत होते. आल्या दिवसापासून स्वयंपाकघर तुमचे झाले आणि मला ते सोयीचे होते. हे वाक्य मी दोनदा खोडले आणि खरे आहे म्हणून पुन्हा लिहिले.

आपले देश सुरू झाले ते भूगोलाच्या पुस्तकातल्या एका उणिवेमुळे. मी जेवणाच्या टेबलावर नववीसाठी नकाशे काढत होते. तुम्ही लसूण सोलत समोर बसला होता.

"कोणता मुलूख हाय हा?"

"मेक्सिको."

"काय पिकतं तिथं?"

मी प्रमुख पिके वाचली. मका, मिरची, घेवडा, टोमॅटो.

"मग लोकं जेवायला काय करतात?"

"ते पुस्तकात नाही, वन्सं."

"कमाल हाय. सगळा देश शिकवतीस आन् जेवायला काय करतात ते नाय सांगत. पाव्हण्याच्या घरी जाऊन उंबऱ्यातनं माघारी फिरल्यासारखं झालं की."

त्या शनिवारी माझी शाळा सकाळची होती. घरी आले तर मक्याच्या भाकरी, घेवड्याची झणझणीत उसळ आणि जाळावर भाजलेल्या टोमॅटो-मिरचीचा ठेचा तयार होता. हे जेवायला बसले आणि म्हणाले, "आज मका संपवायचा होता का?"

"गप जेव दत्तू," तुम्ही म्हणालात. "परदेशात हायेस तू."

तेव्हापासून महिन्याचा शेवटचा शनिवार ठरला. परीक्षा, लग्नसराई, सुतक असे महिने वगळले तरी वहीत शहाऐंशी देश आहेत. सुरुवातीला आपल्याजवळ पाककृती नव्हत्या. पाठ्यपुस्तकातली प्रमुख पिके घ्यायची आणि त्यांवरून जेवण ताडायचे, ही आपली पद्धत. ती सदोष होती. ब्राझीलपुढे कॉफी छापलेली होती म्हणून तुम्ही भरल्या वांग्याच्या मसाल्यात दोन चमचे कॉफी घातलीत. "वांगं हिच्या स्टाफरूमसारखं लागतंय," असे हे म्हणाले आणि तरी संपवले. जपानचा भात समुद्रातल्या शेवाळात गुंडाळतात असे मी कुठेसे वाचले, तेव्हा तुम्ही इंद्रायणीचा चिकट भात अळूच्या पानात गुंडाळलात. पान पुरते शिजले नव्हते. तिघेही घसा खरवडत चिंच चोखत बसलो. "जपान खाजरा निघाला," हा तुमचा शेरा मी जसाच्या तसा लिहून ठेवला आहे. पुढे वाचनालयातली पुस्तके आली, रविवारच्या पुरवण्या आल्या, शेवटी कॉलेज रोडवरच्या सायबर कॅफेत जाऊन छापून आणलेले कागद आले. पण तुम्ही कागद हातात घेत नव्हता. "तू वाच, मी ऐकते. हात करतील," असे म्हणायचा.

इथे वहीची रचना सांगणे आवश्यक आहे. डाव्या पानावर देश, राजधानी, प्रमुख पिके. उजव्या पानावर चार रकाने: जिन्नस, माप, कृती, शेरा. मापाच्या रकान्यात पहिली काही वर्षे एकच अक्षर आहे. 'अं.' म्हणजे अंदाजाने. मीठ अं., तिखट अं., चिंच अं. पानभर खाली खाली अं. अं. अं. त्यावरून आपले जे भांडण झाले ते अजून मिटलेले नाही.

"अंदाज म्हणजे काय, वन्सं?"

"हाताला ठाऊक असतं ते."

"हाताला ठाऊक असेल तर ते मोजता आलं पाहिजे."

"मग हाताला इच्यार. मला कशाला इच्यारतीस?"

मी खरोखरच हाताला विचारले. तुम्ही मीठ घ्यायच्या क्षणी मी मुठीखाली बशी धरायची, पडलेले मीठ चमच्याने मोजायची आणि मग कढईत टाकायची. "भाजीत मीठ पडायचं का तुझ्या बशीत?" असे तुम्ही दर वेळी कुरकुरायचा आणि दर वेळी मूठ बशीवरच उघडायचा. अशी मोजलेली मापे मी 'अं.'च्या शेजारी लाल शाईने लिहिली. एकाच पदार्थाला महिन्यांच्या अंतराने तुम्ही घातलेल्या मिठात पाव चमच्याचाही फरक पडत नव्हता, असे ती शाई सांगते. ते तुम्हांला मी कधी सांगितले नाही. सांगितले असते तर भांडण तुम्ही जिंकले असते.

रशियाचे पान मी आता पुन्हा पुन्हा पाहते. जुन्या नकाशातला सोव्हिएत संघ पुस्तकातून गेला तेव्हा मी यादीतून त्याचे नाव खोडत होते. तुम्ही माझा हात धरलात. "देश मोडला म्हणून जेवण मोडतं व्हय?" म्हणून मग बीटाचे सार झाले. त्यावर शेपू पेरतात असे मी वाचले.

"शेपू?" तुम्ही उलथने खाली ठेवलेत. "ह्या घरात शेपू आला तर मी मळ्यात जाऊन झोपीन."

तुम्ही भाज्या पिकवणाऱ्या घरातल्या, पण शेपूचा वाफा तुमच्या वाट्याला आला की तुम्ही नाकाला पदर लावून जुड्या बांधायचा, असे यांनी तेव्हा सांगितले. मी हट्टाने चिरून घातला. तुम्ही वाटी नाकाशी नेलीत, उठलात आणि सार मोरीत ओतून आलात. "तुझा रशिया तुलाच ऱ्हाऊ दे." शेऱ्याच्या रकान्यात लिहिले आहे: 'शेपू. वन्संचा स्पष्ट नकार.' हा माझ्या हातातला पहिला पुरावा. रशियाच्या दिवशी तुमचे नाक शाबूत होते.

दुसरा पुरावा इथिओपियाचा. तिथे टेफ नावाच्या अगदी बारीक धान्याचे पीठ आंबवून त्याचे मोठे, आंबट, जाळीदार घावन करतात, असे एका प्रवासाच्या पुस्तकात होते. टेफ नाशकात कुठून येणार? तुम्ही म्हणालात, बारीक, काळपट आणि गरिबाचे असेल तर ती आपली नागलीच. हे नोकरीतल्या फिरतीवर हरसूलला जाणार होते, त्यांना तिथल्या आठवडे बाजारातून पायलीभर नागली आणायला लावलीत. पीठ तीन दिवस आंबवले. तिसऱ्या दिवशी झाकण काढून तुम्ही मला हाक मारलीत. "ये, वास घे. ताकाच्या डेऱ्यात तोंड घातल्यासारखं वाटतंय बघ." म्हणजे तेव्हाही नाक शाबूत होते. बिडाच्या तव्यावर घावनाला अशी जाळी पडली की हे चाळणी चाळणी म्हणत राहिले.

त्या देशात सगळे एकाच ताटात जेवतात आणि एकमेकांच्या तोंडात घास घालतात, तो मान समजला जातो, हेही मी वाचून दाखवले. उष्ट्याचा प्रश्न मीच काढला. तुम्ही म्हणालात, "नियम त्यांचा. त्यांच्या देशात जेवायचं तर त्यांच्यासारखं." आणि डाळीत बुडवलेला एक तुकडा माझ्या तोंडाशी आणलात. बारा-तेरा वर्षे एका घरात राहून तुमचा हात माझ्या तोंडाला प्रथमच लागला. उलट घास मी तुम्हांला द्यायला हवा होता. मी हात पुढे केला, तेवढ्यात तुम्ही "तवा तापलाय" म्हणून उठलात आणि मी तो घास स्वतःच खाल्ला. आता लिहिताना वाटते, मी उठून तुमच्यामागे तव्यापाशी यायला हवे होते. दोन पावलांचे अंतर होते.

आता माझ्या चुकीकडे येते. ग्रीसच्या दिवशी तुम्ही तुमच्या सासूबाईंची गोष्ट सांगितलीत. म्हातारपणी त्यांच्या हाताला मीठ जास्त पडू लागले. एकदा पाहुण्यांसमोर आमटी खारट झाली आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांना चुलीपासून उठवून ओसरीवर बसवले. तिथून त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायच्या, आज काय केलंय गं, आणि कुणी सांगत नसे. "तीन वर्सं बसली तिथं," तुम्ही म्हणालात. "चुलीवरनं उठवलेली बाई म्हंजे घरातली पाव्हणी. जेवायचं आन् कधी जाणार ते कुणी इच्यारायची वाट बघायची."

त्यावर मी काय म्हणाले, ते वहीत नाही, पण मला शब्दन् शब्द आठवतो. मी हसत म्हणाले, "खरं तर स्वयंपाक करणाऱ्यांची दर पाच वर्षांनी परीक्षाच घेतली पाहिजे. चव लागली नाही की नापास, आणि सेवानिवृत्त." हेही हसले. तुम्हीही हसलात, मला तसे वाटले. "मग आमची मास्तरीण पेपर काढंल," असे म्हणून तुम्ही ताटे उचललीत.

विनोद होता, वन्सं. दुसऱ्या कुणा घरात तो विनोदच राहिला असता. भावाच्या घरी राहणाऱ्या बहिणीसमोर तो करू नये, हे मला कळायला हवे होते. शाळेत वाक्य बोलण्याआधी मी समोर कोण बसले आहे ते पाहायची. घरी पाहिले नाही.

सिंहस्थाच्या वर्षी एका सकाळी दूध करपले. घरभर वास सुटला होता. मी आंघोळ अर्धी टाकून बाहेर आले तर तुम्ही गॅसपासून हातभर अंतरावर, पाठमोऱ्या, भाजी निवडत होता. "लक्ष कुठे असतं, वन्सं?" मी ओरडले. तुम्ही वळून पातेल्याकडे पाहिलेत, मग माझ्याकडे. राख लावून ते पातेले दुपारभर घासत होता. वय झाले, असे मी धरले. त्यानंतर दोन पावसाळ्यांनी तापाची साथ आली. तुम्ही पंधरा दिवस अंथरुणावर होता, महिनाभर नाक चोंदलेले होते. अशा तापानंतर वासाची नस कायमची जाऊ शकते, असे परवा डॉक्टरांनी सांगितले. मग दूध करपले ते का? तुमची चव तापाने गेली, की त्याआधीच जाऊ लागली होती आणि तापाने फक्त शेवट केला? हे दोन्ही पुरावे एकमेकांशी जुळत नाहीत आणि जुळवून देणारे कुणी उरले नाही.

तापातून उठल्यावरच्या दिवाळीआधी एक शनिवार आला. तुम्ही कांदा परतत होता. मी नेहमीसारखी बशी घेऊन उभी राहिले तर तुम्ही म्हणालात, "मीठ किती लिहिलंयस मागच्या टायमाला? चमचे सांग."

मी बशी खाली ठेवली. "दीड."

"लहान का मोठा चमचा?"

"लहान, सपाट."

तुम्ही मोजून दीड चमचा घातलात. मला जो आनंद झाला तो लिहायला आता लाज वाटते. चौदा वर्षांचे भांडण मी जिंकले होते. त्या पानावर शेऱ्याच्या रकान्यात ठळक अक्षरांत आहे: 'वन्संनी माप मान्य केले.' खाली दोन रेघा ओढल्या आहेत. दुसरी रेघ पट्टी लावून ओढलेली आहे.

तेव्हापासून तुम्ही दर वेळी माप विचारायचा. तिखट किती, चिंच किती, किती वेळ ठेवायचं. मी वहीतून वाचायची आणि तुम्ही मोजायचा. म्हणजे तुमच्याच मुठीतून पडलेले, मी बशीत धरून मोजलेले मीठ मी तुम्हांला परत वाचून दाखवत होते आणि त्यावर तुम्ही स्वयंपाक चालवत होता. एवढ्या एकाच गोष्टीने मला थोडे बरे वाटते, की ती लाल शाई तुमच्या उपयोगी पडली. पण मी ती भांडण जिंकण्यासाठी लिहिली होती.

जेवणानंतर बडीशेप घ्यायचेही तुम्ही त्याच सुमारास सोडलेत. मी डबी पुढे केली की म्हणायचा, "दातात अडकते गं." तुमचे दात शेवटपर्यंत माझ्यापेक्षा चांगले होते.

आणि तुम्ही एकच देश पुन्हा मागू लागलात. "ह्या बारीला इथोपियाच करू." एकदा केला. सहा महिन्यांनी पुन्हा मागितलात, तोही केला. तिसऱ्या वेळी मी हरकत घेतली. उरलेल्या देशांची मी वर्णमालेप्रमाणे यादी केली होती आणि आपण प-वर्गात पोचलो होतो.

"वन्सं, झालेला धडा किती वेळा करायचा? पुढे किती देश पडलेत."

"ते काय पळून जाणार हायेत?"

"मग इथिओपिया तरी कुठे पळतोय?"

"तसं नाय गं. त्याचं आंबट बरं वाटतं तोंडाला."

बरं वाटतं, म्हणालात. मी ऐकले आणि यादी पुढे सरकवली. आठवीला ज्ञानेंद्रियांचा पाठ मी सत्तावीस वर्षे शिकवला. नाक बंद झाले तरी जिभेला गोड, आंबट, खारट, कडू एवढे कळते. बाकी ज्याला आपण चव म्हणतो ते सारे नाकाचे काम असते. हे मी फळ्यावर आकृती काढून समजावत होते आणि माझ्या घरात एक बाई, जे तिला अजून पोचत होते ते एकच आंबट मागत होती. मग मीठ का विचारत होता, असा प्रश्न माझ्या मनात येतो. खारट तर जिभेला कळायला हवे होते. डॉक्टर म्हणाले, कधी दोन्ही जाते आणि कधी फक्त भरवसा जातो, चव लागली तरी माणूस तिच्यावर विश्वास ठेवत नाही. तुमचे यांतले काय गेले होते, हेही मला माहीत नाही.

शेवटचा शनिवार. मंगळवारीच तुम्ही विचारले होते, नागली भिजत घालू का. मी यादी बघून म्हणाले, नको, फिनलंड आहे. दुधातले बटाट्याचे सार, आणि त्यावर शेपू. शेपू मीच आणला, इंदिरानगरच्या भाजीवाल्याकडून, आणि तुम्ही काय म्हणाल या विचाराने रस्ताभर हसत आले. यांनाही आधीच सांगून ठेवले होते, आज बघा गंमत.

तुम्ही जुडी हातात घेतलीत. देठ काढलेत, बारीक चिरलीत, मी सांगितले तेवढी मोजून घातलीत. मग टेबलाशी बसून वाटीभर सार शांतपणे प्यायलात.

"कसं झालंय?" हे माझ्याकडे पाहत म्हणाले.

"चांगलं हाय," तुम्ही म्हणालात. "गोडसर हाय."

शेऱ्याच्या रकान्यात माझ्या अक्षरात लिहिले आहे: 'वन्संना शेपू आवडला. उत्कृष्ट.'

वन्सं, त्या रात्री तुम्हांला त्या सारात शेपू आहे हे डोळ्यांनी दिसत होते. चिरताना हाताला कळले होते. नाकाला कळले असते तर तुम्ही उठून मळ्यात गेला असता. मी पाहिले, हसले आणि 'उत्कृष्ट' लिहिले. विद्यार्थ्याने कोरी उत्तरपत्रिका द्यावी आणि शिक्षकाने पैकीच्या पैकी गुण द्यावेत, तसे झाले.

त्यानंतर तीन आठवड्यांनी तुम्ही दवाखान्यात होता. त्या दिवसांविषयी इथे लिहिणार नाही, एक गोष्ट सोडून. मी तांदळाची पेज नेली होती. चमचा तोंडाशी नेला, तुम्ही तोंड उघडलेत.

"कोणता देश गं हा?"

"आपलाच, वन्सं."

तुम्ही गिळलेत. मग विचारलेत, "मीठ बरोबर हाय का?"

खाणारीने भरवणारीला मीठ विचारले. तुम्ही ग्लानीत आहात असे मला वाटले. "बरोबर आहे," मी म्हणाले. पेज मी चाखलेली नव्हती.

आता माहिती मांडून झाली. इथिओपियाच्या पहिल्या दिवशी तुमचे नाक शाबूत होते आणि फिनलंडच्या दिवशी नव्हते. मधे अठ्ठावीस देश आहेत. त्यांतल्या प्रत्येक पानाचा शेरा मी वाचला. 'छान', 'बरे', 'वन्संना आवडले' असे शेरे आहेत, आणि ते सगळे माझे आहेत. तुम्हांला काय लागले, ते एकाही पानावर नाही. तसा रकानाच मी आखला नव्हता. ज्या प्रयोगातले मुख्य माणूसच गेले तो प्रयोग पुन्हा करता येत नाही, आणि मला दुसरी कोणतीही पद्धत येत नाही.

गेल्या आठवड्यात मी नागली भिजत घातली. तीन दिवस आंबवली. तुमचाच तवा घेतला. जाळी पडली नाही, दोन घावने फाटली. हे आणि मी एका ताटात जेवायला बसलो. मी एक तुकडा डाळीत बुडवला आणि तो कुणाच्या तोंडाशी न्यायचा ते मला सुचेना. यांनी माझा हात धरून आपल्या तोंडाशी नेला, घास खाल्ला आणि म्हणाले, "मीठ जास्त झालंय गं."

वही मिटलेली होती. मी मीठ मोजले नव्हते. नंतर पानावर नोंद केली. माप: अं.

हे वाचणाऱ्यांना एक विनंती आहे. चिमूटभर बडीशेप घ्या, नाक घट्ट दाबून धरा आणि चावा. किंचित गोडसर भुसा लागेल. मग नाक सोडा आणि बडीशेप कशी परत येते ते पाहा. हे स्वतः करून पाहिल्यावर तुमच्या घरात जे माणूस रोज स्वयंपाक करते त्याच्यापुढे ती डबी धरा, आणि परीक्षा म्हणून न विचारता, शेजारी बसून विचारा की तुला काय लागतं. मी सांगते म्हणून मानू नका. आजच तपासून पाहा.